साप्ताहिक पथकसभा बंद करू नका : स्काऊट-गाईड कार्यकारिणीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,

विषय : साप्ताहिक पथकसभा आणि संघांची शिबिरे बंद करण्याच्या निर्णयाचा फेरविचार होण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपले परिपत्रक सर्व पथकांना मिळाले. पुढील सत्रापासून प्रत्येक पथकाची दर आठवड्याची सभा बंद होईल, तिच्या जागी महिन्यातून एकदा सर्व पथकांचा एकत्रित मेळावा भरेल, पथकांनी आणि त्यांतल्या सहा-आठ मुलांच्या संघांनी यापुढे स्वतंत्र शिबिरे घेऊ नयेत आणि वार्षिक शिबिराचे काम एका व्यावसायिक संस्थेकडे सोपवले जाईल, असे त्यात म्हटले आहे. वार्तापत्रातले ‘उपक्रम आणि स्वयंसेवक’ हे पान बंद केल्याचेही अखेरच्या ओळीत कळवले आहे. स्वयंसेवकांची कमतरता, मुलांची सुरक्षितता आणि सर्व पथकांच्या कामातील एकसारखेपणा अशी तीन कारणे त्यासाठी दिली आहेत. या निर्णयाविषयी मी रीतसर निवेदन पाठवले होते. त्याची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. हा प्रश्न केवळ माझा आणि आपला नसून प्रत्येक पालकाचा, माजी स्काऊट-गाईडचा आणि मुख्य म्हणजे मुलांचा आहे, म्हणून आता हे पत्र सर्वांसमोर ठेवत आहे.

मी अकराव्या वर्षी गाईड झाले. तीन बोटे उंचावून वचन घेताना माझ्या तोंडून शब्द फुटेना, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या माझ्या संघनायिकेने पहिला शब्द हळूच उच्चारून दिला. ती माझ्याहून जेमतेम तीन वर्षांनी मोठी होती. कोणीतरी मोठी बाई पुढे आली असती तर मी आणखीच घाबरले असते, याची मला आजही खात्री आहे. गेली 16 वर्षे मी एका स्थानिक पथकाची प्रमुख म्हणून काम करते आहे. या काळात मी शेकडो मुलांना वचन घेताना पाहिले आणि त्यांतली काही मुले आता माझ्याबरोबर स्वयंसेवक म्हणून उभी राहतात. तेव्हा या निर्णयाकडे मी बाहेरून पाहू शकत नाही आणि तसे भासवणारही नाही.

आपल्या निर्णयातली सर्वांत मोठी चूक माझ्या मते ही आहे की, त्यात पथक हे मुलांना कार्यक्रम पुरवण्याचे साधन मानले आहे. या चळवळीचा आरंभच याच्या उलट आहे. ऑगस्ट 1907 मध्ये चळवळीचे संस्थापक रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधील ब्राऊनसी बेटावर पहिले प्रायोगिक शिबिर घेतले, तेव्हा त्यांच्याबरोबर वीसेक मुले होती. काही श्रीमंतांच्या निवासी शाळांतली, तर काही जवळपासच्या गावांतल्या साध्या घरांतली. त्यांनी या मुलांचे लांडगा, बैल, डोमकावळा आणि कर्ल्यू पक्षी अशा नावांचे चार संघ केले आणि प्रत्येक संघाची जबाबदारी त्यातल्याच एका मोठ्या मुलावर टाकली. सहा-आठ जणांचा संघ आणि त्यांच्यातलाच एक संघनायक ही रचना तेव्हापासून चालत आली आहे आणि ती बाजूला काढली तर उरतात ते फक्त गणवेश आणि गळपट्टे. पुढच्याच वर्षी, 1908 मध्ये, बेडन-पॉवेल यांचे मार्गदर्शनपर लेखन पाक्षिक भागांतून छापले जाऊ लागले, तेव्हा अनेक ठिकाणी मुलांनी ते वाचून आधी आपापले संघ जमवले आणि मग आपल्याला शिकवील असा मोठा माणूस शोधला. संघ आधी झाले, कार्यालये आणि समित्या नंतर आल्या. 4 सप्टेंबर 1909 रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये झालेल्या मेळाव्यात काही मुलीही स्काऊट म्हणवून घेत हजर झाल्या आणि आम्हालाही यात यायचे आहे असे त्यांनी सांगितले. मोठ्यांनी ते ऐकले, म्हणून 1910 मध्ये गाईड चळवळ उभी राहिली. त्या मुली त्या दिवशी गेल्या नसत्या, किंवा त्यांचे कोणी ऐकले नसते, तर मी आज हे पत्र लिहायला या संस्थेत नसते.

हे सारे आपल्याला माहीत आहे. संस्थापकदिनाच्या भाषणांत आपण ते सांगतोही. तरीही परिपत्रक काढण्यापूर्वी एकाही पथकाच्या मानसभेला, म्हणजे संघनायकांच्या बैठकीला, विचारले गेले नाही. आमच्या संघनायकांना हा निर्णय त्यांच्या पालकांच्या भ्रमणध्वनीवर आलेल्या संदेशातून कळला. सत्राचा आराखडा त्यांनी आधीच्या तीन सभांत बसून तयार केला होता, फळ्यावर लिहून, खोडून, भांडून आणि शेवटी मत घेऊन. तो कागद अजून आमच्या खोलीच्या भिंतीवर लावलेला आहे. आता त्याचे काय करायचे, असे त्यांनी मला विचारले आणि मला उत्तर देता आले नाही.

साप्ताहिक सभेत नेमके काय घडते, हे कार्यकारिणीतल्या अनेकांनी बऱ्याच वर्षांत पाहिलेले नाही, असे मला खेदाने म्हणावे लागते. म्हणून एक प्रसंग सांगते. दोन वर्षांपूर्वीच्या आमच्या संघ-शिबिरात रात्री पाऊस आला. आमच्या जुन्या तंबूंना अजून सुती दोर आहेत आणि सुती दोर ओला झाला की आखडतो, ताण वाढतो आणि खुंट्या जमिनीतून उपटून येतात. मी जागी झाले, विजेरी घेतली आणि बाहेर पडणार तोच मला दुसऱ्या विजेरीचा उजेड हलताना दिसला. चौदा वर्षांची एक संघनायिका पावसात एकेका तंबूभोवती फिरून प्रत्येक दोर बोटाने दाबून पाहत होती आणि तो थोडा थोडा सैल करत होती. तिच्याबरोबर संघातली सर्वांत लहान मुलगी होती. तिच्या हातात मोगरी होती आणि सैल झालेली खुंटी ती पुन्हा ठोकत होती. दोघींना कोणी उठवले नव्हते. सगळे तंबू झाल्यावर त्या आपल्या तंबूत गेल्या आणि मी बाहेर आलेली त्यांनी पाहिलेच नाही. सकाळी संघाच्या वहीत त्या संघनायिकेने एकच ओळ लिहिली होती : ‘रात्री पाऊस. दोर सैल केले. सर्व ठीक.’

ही ओळ लिहिण्यासाठी तिला तीन वर्षे लागली, हे मी आपल्या निदर्शनास आणू इच्छिते. पहिल्या वर्षी तिला क्लोव्ह हिच ही दोराची गाठ जमत नव्हती आणि ती दोर फेकून कोपऱ्यात जाऊन बसायची. दर आठवड्याला तिचा त्या वेळचा संघनायक तोच दोर उचलून तिच्या शेजारी बसायचा. एका सभेत शिकलेले पुढच्या सभेत विसरायचे, पुन्हा शिकायचे, मग दुसऱ्याला शिकवायचे आणि शिकवताना ते पक्के व्हायचे, हा क्रम आठवड्याच्या अंतरानेच चालतो. हिशेब करायचा तर आमच्या वर्षाला साधारण 40 सभा होतात आणि प्रत्येक सभा दोन तासांची, म्हणजे 80 तास. आपण सुचवलेले बारा मासिक मेळावे प्रत्येकी तीन तासांचे धरले तरी 36 तास होतात, आणि त्यांतला बराच वेळ येण्याजाण्यात, रांगा लावण्यात, स्वागतात आणि भाषणांत जाईल. पण तासांपेक्षा मला काळजी वाटते ती अंतराची. जे मूल एका मेळाव्याला आजारी पडले, ते दोन महिने संघापासून तुटेल. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला दोन महिने हा फार मोठा काळ असतो आणि लाजरे मूल तेवढ्यात परत न येण्याचे ठरवून टाकते.

सुरक्षिततेचा मुद्दा मी जराही हलका मानत नाही. मुलांच्या सुरक्षिततेबाबत जागतिक स्काऊट परिषदेने 2002 मध्ये ग्रीसमधील थेस्सालोनिकी येथे ठराव केला आणि तेव्हापासून हा विषय संपूर्ण चळवळीच्या कामाचा भाग झाला आहे. कोणत्याही वेळी किमान दोन प्रौढ हजर असावेत, एका प्रौढाने एका मुलाबरोबर इतरांच्या नजरेआड एकटे राहू नये, प्रौढांचे आणि मुलांचे तंबू वेगळे असावेत, हे नियम आमचे पथक पाळते आणि ते अधिक काटेकोर करायचे असतील तर त्याचे मी स्वागतच करीन. पण एकत्रित मेळाव्याने आणि बाहेरून आणलेल्या प्रशिक्षकांनी मुले अधिक सुरक्षित होतील, हे गृहीतक मला मान्य नाही. सात जणांच्या संघात एक जण दिसेनासा झाला तर त्याच्या जोडीदाराला ते लगेच कळते, कारण त्याची जागा रिकामी दिसते. कोण पाण्याला घाबरतो, कोणाला दम्याचा त्रास आहे, कोण घरच्या आठवणीने रात्री रडतो पण सांगत नाही, हे संघनायकाला ठाऊक असते. गेल्या वर्षीच्या एकत्रित मेळाव्यात कब विभागातला, म्हणजे सर्वांत लहान मुलांच्या गटातला, एक मुलगा आपल्या गटापासून चुकून मंचाच्या मागे जवळजवळ तासभर एकटा बसला होता. तेथील प्रशिक्षकांच्या यादीत त्याच्या नावापुढे हजेरीची खूण होती. तो सापडला तो दुसऱ्या पथकातल्या एका मुलीला, जी पाणी प्यायला त्या बाजूला गेली होती. त्या प्रशिक्षकांना मी दोष देत नाही. दोनशे अनोळखी मुलांत कोण कुठे आहे, हे कोणालाही कळले नसते. या घटनेचा लेखी अहवाल मी त्याच आठवड्यात दिला होता आणि त्यावर पुढे काय झाले, हे मला आजवर कळवण्यात आलेले नाही.

आता स्वयंसेवकांविषयी. ते कमी आहेत, हे खरे आहे. ते कमी का झाले, याबद्दल परिपत्रकात एक शब्दही नाही, म्हणून आमच्या पथकापुरते मी सांगते. दोन वर्षांत आमच्याकडून तीन जण गेले. पहिल्या एक परिचारिका होत्या. त्या मुलांना प्रथमोपचार इतके उत्तम शिकवायच्या की मुले घरी जाऊन आजी-आजोबांच्या धडधाकट हातांना झोळी बांधायची. एकच माहिती तीन वेगवेगळ्या अर्जांत दर सत्राला भरून देण्यास सांगण्यात आले आणि अखेर सरावात वापरलेल्या बँडेजांचा लेखी खुलासा मागण्यात आला, तेव्हा त्यांनी शांतपणे नमस्कार केला आणि त्या गेल्या. दुसरा आमचाच माजी स्काऊट, एकवीस वर्षांचा, उत्साही. त्याला पथकाची जबाबदारी घ्यायची होती, पण नियमानुसार आधी मूलभूत प्रशिक्षण हवे. त्याचा वर्ग दोन वर्षे भरलाच नाही. चळवळ सुरू होऊन जेमतेम बारा वर्षे झाली होती तेव्हाच, म्हणजे सप्टेंबर 1919 मध्ये, इंग्लंडमधील गिलवेल पार्क येथे पथकप्रमुखांसाठी वूड बॅज हा पहिला प्रशिक्षणवर्ग घेण्यात आला, कारण चांगल्या मनाच्या प्रौढालाही मुलांबरोबर काम करायला शिकावे लागते, हे त्या लोकांना तेव्हाच उमगले होते. त्या वर्गातून मिळणारे लाकडी मणी आपल्या कार्यकारिणीतले काही जण अभिमानाने गळ्यात घालतात. तेच दार या तरुणासाठी दोन वर्षे बंद राहिले.

तिसऱ्या गृहस्थांबद्दल मला जरा सविस्तर लिहायचे आहे. त्यांनी 22 वर्षे आमची साहित्यखोली सांभाळली. त्यांना मुलांपुढे बोलायला आवडत नसे आणि गणवेशही ते क्वचितच घालत. वयामुळे काम झेपेना, तेव्हा त्यांनी खोलीची किल्ली आणि एक जाड वही माझ्या हाती दिली. वहीत प्रत्येक तंबूला एक पान आहे आणि त्या पानावर तो तंबू कधी आणला, कोणती शिवण कधी उसवली, कोणत्या दोऱ्याने शिवली, कोणत्या शिबिरात त्याला बुरशी धरली आणि ती कशी काढली, हे सगळे बारीक अक्षरात तारखांसह लिहिलेले आहे. आमचे तंबू अजून टिकून आहेत ते या वहीमुळे. ते निवृत्त झाल्याचे मी आपल्या कार्यालयाला कळवले होते. एखादे पत्र, एखादा दूरध्वनी, वार्तापत्रात एखादी ओळ, काहीही आले नाही. त्यांनी कशाचीही अपेक्षा केली नव्हती, पण म्हणून आपले कर्तव्य संपत नाही. प्रौढ स्वयंसेवकाला शोधावे, रुळू द्यावे, शिकवावे, कामात त्याच्या पाठीशी राहावे आणि मुदत संपल्यावर त्याच्याबरोबर बसून तेच काम पुढे, दुसरे काम की सन्मानाने निवृत्ती, हे ठरवावे, अशी रीत जागतिक स्काऊट संघटनेच्या धोरणातच सांगितली आहे. आमच्या या तिघांच्या वाट्याला यांतले काय आले, हे कार्यकारिणीने स्वतःला विचारावे.

आणि याच संदर्भात वार्तापत्राच्या त्या पानाबद्दल मला बोलायचे आहे, कारण ते बंद करणे ही किरकोळ गोष्ट नाही. त्या पानावर कोणत्या पथकाने कोणता उपक्रम केला, कोण नवीन स्वयंसेवक आले, कोणाचे प्रशिक्षण पूर्ण झाले, कोणाकडे जादा दोर आहेत, कोणाला कशाची गरज आहे, अशा साध्या बातम्या येत. काही वर्षांपूर्वी आमच्या पथकात ऐकू न येणारा एक मुलगा आला. त्याला खेळांत घेता येई, पण गोष्टी आणि शेकोटीच्या वेळी तो नुसता जाळाकडे पाहत बसायचा. सांकेतिक भाषा जाणणारे कोणी महिन्यातून दोन संध्याकाळ देऊ शकेल का, अशा तीन ओळी मी त्या पानासाठी पाठवल्या. त्या वाचून महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी आली. दोन संध्याकाळींसाठी आलेली ती चार वर्षे राहिली आणि आमच्या संपूर्ण पथकाला तिने सांकेतिक भाषेत वचन घ्यायला शिकवले. तो मुलगा पुढे संघनायक झाला. माणसे कमी आहेत असे म्हणायचे आणि माणसे जोडणारे पान काढून टाकायचे, हे मला कोणत्याही प्रकारे पटत नाही. गेल्या काही अंकांत त्या जागी मेळाव्यांतल्या सत्कारांची छायाचित्रे येत आहेत. त्यांना माझा विरोध नाही, पण ती मागच्या पानावर जाऊ शकतात.

पथकांच्या कामातील एकसारखेपणाचा मुद्दा मी लवकर संपवते. वचन एक आहे, नियम एक आहेत, डाव्या हाताने हात मिळवण्याची रीत जगातल्या 170हून अधिक देशांत एक आहे. याहून अधिक एकसारखेपणाची मला तरी गरज दिसत नाही.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. परिपत्रकाची अंमलबजावणी एका सत्रासाठी स्थगित करावी आणि त्या काळात प्रत्येक पथकाच्या मानसभेचे म्हणणे कार्यकारिणीच्या किमान दोन सदस्यांनी प्रत्यक्ष येऊन ऐकावे. ज्या पथकांकडे नियमाप्रमाणे दोन प्रौढ उपलब्ध आहेत, त्यांची साप्ताहिक सभा आणि संघ-शिबिरे कोणत्याही परिस्थितीत बंद करू नयेत. ज्यांच्याकडे ते नाहीत, त्यांना शेजारच्या पथकाबरोबर जोडून द्यावे. आमचे पथक अशा एका पथकाला सामावून घ्यायला आजच तयार आहे. सुरक्षिततेच्या नियमांची लेखी प्रत प्रत्येक पालकाच्या हाती द्यावी आणि मुलाबाबत घडलेल्या प्रत्येक घटनेच्या अहवालाला ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्यावे. मूलभूत प्रशिक्षणाचा वर्ग वर्षातून किमान एकदा भरवावा आणि त्याची तारीख सत्राच्या सुरुवातीलाच जाहीर करावी. तिन्ही अर्जांऐवजी एकच अर्ज ठेवावा. स्वयंसेवक सोडून जातो, तेव्हा तो का जातो हे त्याला विचारावे आणि त्याचे उत्तर नोंदवून ठेवावे. वार्तापत्राचे ते पान पुन्हा सुरू करावे. त्याचे संकलन करायला माणूस नसेल, तर ते काम मी करीन.

यांतल्या काही मागण्यांसाठी वेळ लागेल आणि तेवढा धीर आमच्याकडे आहे. कार्यकारिणीतही बहुतेक जण विनामोबदला काम करतात, हे मी विसरलेले नाही. माणसे अपुरी पडताना निर्णय घ्यावे लागतात, तेव्हा सोपा मार्ग जवळचा वाटतो, हेही मला समजते. माझे म्हणणे इतकेच आहे की, हा मार्ग आपण मुलांना न विचारता निवडला.

या पत्राबरोबर मी संघनायकांचे निवेदन जोडलेले नाही, कारण ते त्यांना स्वतः लिहायचे आहे. गेल्या सभेत त्यांनी त्याचा कच्चा खर्डा केला. पुढच्या मानसभेत तो संमत झाला की ते आपल्याला स्वतंत्रपणे मिळेल. त्यावर माझी सही नसेल आणि त्यातला एकही शब्द मी सुचवलेला नाही. आपले उत्तर कृपया त्यांच्या नावाने पाठवावे. पत्र आले तर ते मानसभेत उघडायचे आणि मोठ्याने वाचायचे काम सर्वांत धाकट्या संघनायकाकडे द्यायचे, असे त्यांनी आत्ताच ठरवून ठेवले आहे.

कळावे,

आपली विश्वासू,
एका स्थानिक पथकाची प्रमुख